रंग कातडीखाली, नाव बाजारात

लासलगावातला कोणताही धंदा समजून घ्यायचा तर आधी कांद्याचा भाव विचारावा लागतो. १९४७ साली सुरू झालेल्या इथल्या बाजार समितीत लिलावाला काय भाव निघाला, त्यावर निफाड तालुक्यातली किराणा दुकानाची उधारी फिटते, सोनाराकडे गहाण पडलेला डाग सुटतो आणि मंगल कार्यालयाची तारीख पक्की होते. भुवया, ओठ आणि पापण्यांची कड सुईने रंगवून देणारा परमनंट मेकअपही अशा गावात याच भावाबरोबर चढतो-उतरतो. पुण्या-मुंबईकडून बाजारपेठांच्या गावांपर्यंत आलेल्या या व्यवसायाचा मागोवा घेताना दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, तो वाटतो तितका नवा नाही. दुसरी, छोट्या गावात त्यात नाव कमवायचं तर काम करण्याइतकंच काम नाकारणंही यावं लागतं.

चेहऱ्यावर सुईने रंग भरणं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. भुवयांच्या मधोमध ठिपका, हनुवटीवर तीळ, हातावर तुळशीवृंदावन. गोंदणारीण दारात बसायची, दिव्याची काजळी कालवायची, एकत्र बांधलेल्या सुयांनी टोचायची आणि पदरात धान्य घेऊन पुढच्या गावाला निघायची. मेल्यावर सोबत येणारा दागिना हाच, अशी बायकांची श्रद्धा होती. गोंदण फिसकटलं तर दाद मागायची सोय नव्हती, कारण तोवर ती दोन-तीन गावं पुढे गेलेली असे.

मग यंत्र आलं. कागदाला भोकं पाडून प्रती काढण्यासाठी बनवलेल्या विजेवरच्या लेखणीचं पेटंट एडिसनने १८७६ साली घेतलं होतं. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने त्याच कल्पनेवर गोंदणाचं यंत्र बेतून १८९१ साली पेटंट घेतलं. लंडनमध्ये सदरलँड मॅक्डोनल्ड हा गोंदणकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बायकांच्या गालांवर न पुसणारी लाली भरून देई. आपल्याकडे हे यंत्र रहाटपाळण्याशेजारी, जत्रेत येऊन बसलं. बदाम, नाव, देवाचं चित्र, जे हवं ते मिनिटांत. पण एकच सुई दिवसभर हातोहात फिरायची आणि तिच्याबरोबर हिपॅटायटिस-बीसारखे रक्तातून पसरणारे रोगही फिरू शकत, याची जाणीव फार उशिरा आली.

सौंदर्योपचार म्हणून या कामाला वळण मिळालं ते १९८०च्या दशकात. जिओरा अँग्रेस या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने १९८४ च्या सुमारास पापण्यांच्या कडेला रंग बसवण्याची पद्धत मांडली. पापण्यांचे केस गळालेल्या किंवा हात थरथरत असल्याने काजळ घालता न येणाऱ्या रुग्णांना तिचा मोठा उपयोग झाला. मुंबईत डॉ. जंगू कोहियार हे पेशाने डॉक्टर असूनही टॅटू काढत आणि पुढे नावारूपाला आलेल्या काही कलाकारांनी त्यांच्याकडेच धडे घेतले. सुई आणि निर्जंतुकीकरण यांची सांगड अशी हळूहळू बसत गेली.

याच काळात गावोगावी घराच्या पुढच्या खोलीत पार्लरं उघडत होती. एक आरसा, एक खुर्ची आणि दोऱ्याचं रीळ, एवढंच भांडवल. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जागतिक सौंदर्यस्पर्धांच्या विजेत्या झाल्या आणि पार्लर हे शहरी बाईचं खूळ राहिलं नाही. दाताखाली दोरा धरून भुवया कोरणाऱ्या या बायकांनी वर्षानुवर्षं हजारो चेहरे जवळून न्याहाळले. कुणाची एक भुवई वर, कुणाचं कपाळ अरुंद, कुणाची त्वचा तेलकट. पुढे मायक्रोब्लेडिंग आलं तेव्हा ही नजरच त्यांच्या कामी आली.

२०१० नंतरच्या दशकात मायक्रोब्लेडिंगची लाट आली. बारीक सुयांच्या पात्याने केसासारख्या रेघा ओढायच्या आणि त्यांत रंग भरायचा. दोन-तीन दिवसांचे कोर्स निघाले, कृत्रिम कातडीवर सराव झाला की चौकटीत बसवायला प्रमाणपत्र मिळू लागलं. खरं शिक्षण तिथून पुढचं. रबराच्या कातडीला घाम येत नाही, रक्त येत नाही आणि ती दोन वर्षांनी समोर येऊन उभीही राहत नाही.

जाणती बाई भुवई कशी करते ते पाहण्यासारखं असतं. सुईला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. आधी गिऱ्हाइकाला सरळ बसवून दोन्ही भुवयांची उंची ताडायची. मग रंगात भिजवलेला दोरा ताणून कपाळावर टेकवायचा, की एक हलकी रेघ उमटते. नाकपुडीपासून भुवईचं टोक, बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून कमान, डोळ्याच्या कोपऱ्यापासून शेपूट. आयुष्यभर केस ओढणारा दोरा इथे मोजपट्टी होतो. आरसा हातात देऊन गिऱ्हाईक ‘हो’ म्हणेपर्यंत पुढचं पाऊल नाही. मग बधिर करणारं मलम आणि गिऱ्हाइकासमोरच फोडलेली नवी सुई. रंग वरच्या थरातच राहिला तर खपलीबरोबर निघून जातो, फार खोल गेला तर पसरून निळसर, करडा दिसतो. सगळं कसब या दोहोंमधल्या मिलिमीटरभराहूनही कमी अंतरात आहे.

परदेशी पुस्तकातलं सगळंच आपल्या त्वचेला लागू पडत नाही. उन्हात राबणाऱ्या, तेलकट त्वचेवर केसासारख्या रेघा लवकर फुगून एकमेकींत मिसळतात, म्हणून तिथे यंत्राने ठिपके भरून दिलेली पावडरसारखी छटा जास्त टिकते. सावळ्या ओठांवर थेट गुलाबी भरला तर तो जांभळट दिसतो. आधी नारिंगी छटेने काळेपणा मारायचा, जखम भरू द्यायची, मग हवा तो रंग. जुन्या जखमेचा वण फुगलेला असेल तर कीलॉइडची शक्यता ओळखून हात आखडता घ्यायचा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारी किंवा साखर ताब्यात नसलेली, यांना परत पाठवायचं.

लासलगावच्या परिसरात नकाराची आणखी एक वेळ येते आणि ती कांद्याने ठरते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, थोडा विकून बाकीचा चाळीत जातो आणि त्याच पैशावर मे महिन्यातली लग्नं उभी राहतात. हाती पैसा आला की नवरी आठवडाभर आधी भुवया करायला येते. पण खपली पडायलाच आठ-दहा दिवस लागतात आणि दुसरा हात चार ते सहा आठवड्यांनी द्यावा लागतो. म्हणून हे काम त्याआधीच्या लाल कांद्याच्या पैशात, जानेवारी-फेब्रुवारीतच उरकलेलं बरं. काढणीला जाणाऱ्या बाईलाही हंगाम संपू दे म्हणून सांगावं लागतं, कारण ताज्या रंगाला ऊन, घाम आणि धूळ तिन्ही चालत नाहीत.

भाव पडला की धंद्याची परीक्षा होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये थेट पंतप्रधानांना पाठवून दिले होते. डिसेंबर २०२३ ची कांद्यावरची निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली, म्हणजे मधली सगळी लग्नसराईची तयारी तिच्या सावटाखालीच गेली. त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत पार्लरं तीन महिने बंद होती. जूनअखेर राज्यात केस कापायला आणि थ्रेडिंगला परवानगी मिळाली, त्वचेच्या उपचारांना तेव्हाही नव्हती. अशा वेळी दोरा, मेंदी आणि नवरीचा मेकअप हेच घर चालवतात. ज्यांनी नवं शिकून जुनं सोडलं नाही, त्यांना हे दिवस काढणं सोपं गेलं.

युरोपीय महासंघाने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे असा पहारा नाही, म्हणून तो ज्याचा त्याने ठेवायचा: बाटलीवरचा बॅच नंबर, मुदत, गिऱ्हाइकाची सही, आधीचा आणि नंतरचा फोटो, सगळं वहीत. अशी वही असलेल्या हातालाच पुढची दारंही उघडतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाग्राभोवतीचा रंग परत आणणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्थिरावलेल्या कोडाच्या डागावर रंग भरणं, ही या कलेची सगळ्यात मोलाची कामं आहेत.

गोंदणारीण पुढच्या गावाला निघून जात असे. आजच्या बाईला तशी सोय नाही. तिने केलेली भुवई बाजारात, शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाला रोज तिच्या समोर येते आणि सोबत तिचं नावही येतं. रंग वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो, तेव्हा तो पुन्हा भरून घ्यायचा की नाही आणि कोणाकडून, हे त्या बाईच्या हातात असतं. पहिल्या वर्षी किती भुवया केल्या, हा आकडा जाहिरातीपुरता. त्यांतल्या किती जणी तिसऱ्या वर्षी परत आल्या आणि येताना जाऊबाईंना घेऊन आल्या, त्यावर कारकीर्द मोजावी.