पेशींची वीण आणि विकरांची कात्री

स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे इतिहासावरचा लेख मागितला होता. आम्ही लिहीत आहोत ते मात्र त्वचेविषयी. वसतिगृहात राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना पावसाळ्यातले ते फोड आठवत असतील: काखेत, पोटावर, मांडीवर उठणारे, पातळ सालीचे, पाण्याने भरलेले. पंचवीसएक वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाच्या अंगावर असे फोड उठले. कोणी म्हणाले, कांजिण्या. कोणी ठरवले, अंघोळ करीत नसेल. पुढचे तीन आठवडे त्या मुलाचे ताट भोजनगृहाच्या दाराबाहेर मांडले गेले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेगळे ताट म्हणजे काय ते भोगले, त्यांच्याच मुलांच्या वसतिगृहात हे घडले, आणि आम्ही तेथे शिक्षक असूनही गप्प राहिलो. त्या फोडांत नेमके काय घडत होते, हे आम्ही फार उशिरा समजून घेतले.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकतो; पण त्या पेशी एकमेकींस धरून कशा राहतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रयोगशाळेत त्यांना सुट्या करावयाचे असल्यास ट्रिप्सिन नावाचे विकर वापरतात. विकर म्हणजे एन्झाइम. अन्नातील प्रथिने पचवण्यासाठी आपल्या आतड्यात काम करते तेच हे ट्रिप्सिन. पेशींना जोडणारी प्रथिने ते कापते. जपानचे मासातोशी ताकेइची क्योटो विद्यापीठातून १९७० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे संशोधनासाठी गेले, तेव्हा त्यांना एक कोडे पडले. क्योटोत ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी थोड्याच वेळात पुन्हा एकमेकींस चिकटत. बाल्टिमोरमध्ये त्या चिकटेनात. शोध घेता असे दिसले की, बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे एक रसायन मिसळलेले होते. कॅल्शियम असले की एक विशिष्ट प्रथिन ट्रिप्सिनलाही दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेतले की तेच प्रथिन सहज कापले जाते. १९८४ साली या प्रथिनाला ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. त्याच्या सांध्यासांध्यांत कॅल्शियम बसलेले असते, त्यामुळे ते ताठ राहते आणि शेजारच्या पेशीवरील आपल्या जोडीदारास धरते. कॅल्शियम गेले की सांधे ढिले पडतात आणि कात्रीला जागा सापडते. आमच्या मते या शतकोत्तर विज्ञानाचा सर्वांत मनोवेधक भाग हाच: द्रावणातला फरक त्रासदायक म्हणून टाकून न देता त्या गृहस्थांनी त्याचाच पाठपुरावा केला.

परंतु कात्री केवळ प्रयोगशाळेतच असते असे नव्हे. शरीर स्वतःच अशा कात्र्या बाळगते. गर्भाची वाढ होताना, जखम भरताना पेशींना जागा सोडावी लागते, आणि त्या वेळी विकरे ही पकड सैल करतात. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटतात त्यातही असाच व्यवहार बिघडलेला आढळतो. आपल्या त्वचेवर तर हे रोज चालू असते. सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी टाचण्यांनी टाचल्यासारख्या एकमेकींस जोडलेल्या असतात. कॅलिक्रीन गटातील विकरे त्या टाचण्या कापतात, तेव्हा जुना थर नकळत गळून पडतो. ही विकरे खालच्या थरांत मोकाट सुटू नयेत म्हणून एक दुसरे प्रथिन त्यांना धरून ठेवते. पृष्ठभागाकडे त्वचा जसजशी आम्लधर्मी होते, तसतशी त्याची पकड सुटते. काही बालके या रोधक प्रथिनाशिवायच जन्मतात. त्या आजाराला नेदरटन सिंड्रोम म्हणतात. त्यात त्वचा सतत लाल राहते आणि वेळेआधीच सुटत जाते.

आता त्या फोडांकडे येऊ. प्राग येथील अनाथ बालकांच्या संस्थेचे वैद्य रिटर फॉन रिटरशाइन यांनी १८७८ साली अशा २९७ तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांची कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघत होती. (मुले जेथे एकत्र राहतात, तेथेच हा आजार प्रथम नीट पाहिला गेला, हे वसतिगृह चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू होता; १९७० साली त्याचे विष उंदरांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले गेले. मात्र ते विष करते काय, याचा उलगडा २००० साली जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी केला. ते विष म्हणजे एक विकरच आहे. कॅडहेरिनच्याच कुळातील ‘डेस्मोग्लीन १’ हे प्रथिन ते एकाच ठिकाणी कापते. त्याचे जवळचे भावंड ‘डेस्मोग्लीन ३’ मात्र त्याला कापता येत नाही. त्वचेच्या खालच्या थरांत हे भावंड असल्यामुळे तेथील वीण टिकते. वरच्या थरात ते जवळजवळ नसतेच, म्हणून तेथेच फट पडते आणि तिच्यात पाणी भरते. हे एकाच जागी घडले तर वसतिगृहातला फोड. विष रक्तातून पसरले तर प्रागमधल्या बालकांसारखी अवस्था, आणि मग लेकराला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. फट इतकी वर असते की फोड बरा झाला की सहसा व्रणही उरत नाही.

अर्थात हा जिवाणू स्पर्शाने पसरतो, हे खरे. टॉवेल, अंथरूण, नखे कापण्याचे यंत्र वेगळे हवे, फोड झाकलेले हवेत, हात साबणाने धुवावेत आणि डॉक्टरांचे प्रतिजैविक पूर्ण घ्यावे. औषध सुरू झाल्यावर साधारण एक दिवस मुलाला इतरांपासून जपावे. तीन आठवडे नव्हे. आणि दाराबाहेर तर नव्हेच.

गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीला तसेच फोड आले. तिचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पंक्तीत बसली, आणि आम्ही तिच्या शेजारी.