ऊसतोडीच्या फडावरची हिंसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड-जालन्यातल्या गावांमधून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे खोपीत मार खाणाऱ्या बाईला मदत करायची, तर आधी काही समजुती दूर साराव्या लागतात.

गैरसमज: एवढा त्रास असता तर ती केव्हाच निघून गेली असती.
वस्तुस्थिती: नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, या जोडीवर मिळते आणि बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. ती निघाली तर जोडी मोडते, पण उचल फिटत नाही. वसुलीची धास्ती, मुलं आणि रात्रीचा निवारा, या तिन्हींची सोय दिसल्याशिवाय ती पाऊल कसं उचलणार?

गैरसमज: तक्रारीसाठी गावीच जावं लागतं.
वस्तुस्थिती: २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार ती तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची झीरो एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवणं चूक आहे.

गैरसमज: अंगावर वळ नाहीत, म्हणजे हिंसा नाही.
वस्तुस्थिती: लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, धमक्या आणि आर्थिक छळही याच कायद्यात येतात. तिला खर्चायला पैसा न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं हा आर्थिक छळच.

गैरसमज: ती दर वेळी वेगळं सांगते, म्हणजे खोटं बोलते.
वस्तुस्थिती: जबर धक्का बसलेल्या माणसाला घटना क्रमानं आठवतीलच असं नाही. तारखा चुकतात, मधलं काही निसटतं. उलटतपासणी घेतली की ती गप्प होते. तिच्या वेगानं सांगू द्या.

गैरसमज: गरिबाला कोर्ट परवडत नाही; पंचांनी मिटवलेलं बरं.
वस्तुस्थिती: १९८७च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि पंचांचं ऐकलं नाही म्हणून जातपंचायतीनं वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६च्या कायद्यानं गुन्हा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितल्याचं दिसलं. म्हणून जी बोलते, तिला ‘सोडून दे’ किंवा ‘सांभाळून घे’ असं बजावू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्याचं सखी केंद्र आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती द्या, हवं तर सोबत जा. नवऱ्याला तिची तक्रार कळू देऊ नका. पुढे काय करायचं, ते तिला ठरवू द्या.