रोहित पक्षी खाडीच्या चिखलात का येतो? जाणून घ्या

भाईंदर : थंडी पडू लागली की खाडीकाठी आणि मिठागरांत लांब पायांचे गुलाबी पक्षी उतरतात. हाच रोहित, कुणी अग्निपंख म्हणतं, मोबाईलवर फोटो फिरतो तो फ्लेमिंगो नावाने. पक्षी एकच.

आपल्याकडे याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चार-पाच फूट उंच, अंगाने पांढुरका. चोच गुलाबी, टोक काळं. लहान रोहित तीन फुटांच्या आसपास, रंगाने जास्त गुलाबी, चोच काळपट लाल.

खायची तऱ्हा न्यारी. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची. जीभ पंपासारखी पाणी आत ओढते, बाहेर फेकते. चोचीच्या कडेला बारीक चाळण असते, खाद्य तिच्यात अडकतं. लहान रोहित डोळ्यांना न दिसणारं शेवाळ खातो, मोठा बारीक कोळंबी आणि अळ्याही. या खाण्यातल्या रंगद्रव्यानेच पिसं गुलाबी होतात. पिल्लू मात्र करडं असतं.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर, चिली-बोलिव्हियाकडे, पिवळ्या पायांचा रोहित आहे. तो हजारो फूट उंचावरच्या खाऱ्या तळ्यांत राहतो. डोंगर असो की समुद्रकाठ, या पक्ष्याला लागतं तेच : खारं, उथळ पाणी आणि चिखल.

रोहित आपल्याकडे अंडी घालत नाही. त्यासाठी कच्छच्या रणात जातो. तिथे मातीचा बुटका ढीग रचून त्यावर एकच अंडं घालतो. आपली खाडी म्हणजे त्याचं चरायचं रान. तेच गेलं तर तो खाणार कुठे?

ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. भाईंदरची मिठागरं त्या हद्दीत येत नाहीत. भराव पडला, भरतीचं पाणी अडलं की चिखल सुकतो, मग शेवाळही नाही आणि पक्षीही नाही. त्याच चिखलावर निवट्या, चिंबोरी, कोळंबी वाढते, म्हणजे नुकसान कोळी बांधवांचंही.

पक्षी बघायचे तर लांबूनच बघा, थव्यात ड्रोन घालू नका. जखमी पक्षी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.