गडावर डबलसीट निघालाय? वळणावर गाडी बाहेर का जाते आणि मागे बसणाऱ्याने काय करायचं असतं?

नाशिककरांसाठी बाईकवरून गडावर जाणं ही काही मोहीम नसते. सकाळी निघायचं, दिंडोरी-वणीमार्गे नांदुरी गाठायची, घाट चढून सप्तशृंगीचं दर्शन घ्यायचं आणि दुपारपर्यंत घरी. एका बाजूचं अंतर साधारण ६० किलोमीटर. मागच्या सीटवर बायको, आई, बहीण नाहीतर मित्र. नांदुरीपर्यंत डबलसीटचा फारसा फरक जाणवत नाही. तो जाणवतो त्यापुढे, घाटातल्या वळणांवर.

हा घाट किती बेभरवशाचा आहे, हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये इथे एसटी बस दरीत कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला होता. बाईकला तर भोवती पत्राही नसतो. म्हणूनच मागे माणूस बसल्यावर गाडीचं नेमकं काय बदलतं, ते समजून घ्यायला हवं.

मागे माणूस बसला की गाडीचं काय होतं?

साधी १०० सीसीची बाईक धरा. गाडी ११० किलोच्या आसपास, चालवणारा ७० किलोचा, म्हणजे एकूण १८० किलो. मागे ६० किलोचा माणूस बसला की वजन थेट एक तृतीयांशाने वाढतं. तुम्ही ब्रेक पूर्वीइतक्याच जोराने दाबलात, तर थांबायलाही साधारण एक तृतीयांश अंतर जास्त लागतं.

दुसरी गोष्ट, हे वाढलेलं वजन बहुतेक सगळं मागच्या चाकावर येतं. मागचे शॉकअब्सॉर्बर दबतात, गाडीचं तोंड किंचित वर होतं आणि हँडल हलकं लागतं. अशी गाडी वळणात आत यायला आळस करते आणि बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते. रात्री हेडलाइटचा झोतही वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो आणि तुमच्यासमोरचा खड्डा मात्र अंधारात राहतो.

यावर उपाय निघण्याआधीच करायचा. बहुतेक कंपन्या डबलसीटसाठी मागच्या टायरमध्ये जास्त हवा सांगतात. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतो. मागचा शॉकअब्सॉर्बर कमी-जास्त कडक करण्यासाठी खाचा असतात. मेकॅनिककडून तो एक-दोन खाचा कडक करून घेतला, तर गाडी कमी बसते.

वेग थोडासाच वाढला, तर काय बिघडतं?

वळण घेताना बाईक आत झुकवावी लागते. किती, हे वेग आणि वळणाचा घेर यावर ठरतं. घाटातलं १५ मीटर त्रिज्येचं अरुंद वळण धरलं, तर गणित साधारण असं येतं : ताशी २० किलोमीटरला झुकाव १२ अंश, ३० ला २५ अंश आणि ४० ला थेट ४० अंश.

वेग दुप्पट झाला की गाडीला वळणात धरून ठेवायला चौपट जोर लागतो. हा जोर येतो फक्त टायर आणि रस्ता यांच्या पकडीतून. ४० अंशांचा झुकाव कोरड्या, स्वच्छ डांबरालाही जड जातो. तिथे वाळू, सांडलेलं डिझेल किंवा पावसाळ्यातलं शेवाळ असेल, तर चाक निसटलंच म्हणून समजा. शिवाय डबलसीट गाडी आधीच खाली बसलेली असते, त्यामुळे फूटरेस्ट किंवा स्टँड रस्त्याला लवकर घासतो.

मग वळण घ्यायचं कसं?

वेग वळणाच्या आधी कमी करा. गाडी सरळ असतानाच ब्रेक लावा आणि गिअर उतरवा. झुकलेल्या गाडीला करकचून ब्रेक मारला की टायरची उरलेली पकड ब्रेकच खाऊन टाकतो. वळणात हलकं, एकसारखं अ‍ॅक्सिलरेटर ठेवा. नजर दरीकडे किंवा समोरच्या ट्रकच्या चाकाकडे नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. जिकडे नजर, तिकडे गाडी.

उजव्या वळणावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण झुकल्यामुळे दोघांची डोकी मधल्या पट्ट्यापलीकडे गेलेली असतात. समोरून बस आली तर? म्हणून उजव्या वळणावर डावीकडेच राहा. त्याने पुढचा रस्ताही जास्त दिसतो.

उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना असते. दोघांचं वजन घेऊन उतरणारी गाडी मग फक्त ब्रेकवर येते. ब्रेक तापतात आणि पकड सोडायला लागतात. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. हा शिष्टाचार तर आहेच, नियमही आहे.

मागे बसणाऱ्याचं काम काय?

मागचा माणूस म्हणजे सामान नव्हे. गाडी झुकली की अनेक जण घाबरून उलट्या बाजूला कलतात. तेवढंच वळण घ्यायला मग गाडी आणखी झुकवावी लागते. ती झुकवली नाही, तर गाडी बाहेर जाते.

सोपा उपाय असा : डावं वळण आलं की चालकाच्या डाव्या खांद्यावरून बघायचं, उजवं आलं की उजव्या. शरीर आपोआप गाडीसोबत जातं. मुद्दाम झुकायची गरज नाही. हात चालकाच्या कमरेला किंवा मागच्या दांडीला, पाय कायम फूटरेस्टवर. मोबाइल काढणं, पिशवी सावरणं, मागे वळणं हे सरळ रस्त्यावरच.

एका बाजूला पाय टाकून बसल्यावर गुडघ्यांनी सीट धरता येत नाही आणि वजनही एका बाजूला जातं. घाटात दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित. ड्रेस घालणं शक्य असेल तर उत्तमच. साडीच असेल तर पदर खोचलेला हवा. मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड शोभेला नसतो. चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण, हाताला धरायला दांडी आणि फूटरेस्ट या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या प्रवाशासाठी सांगितल्या आहेत.

कायदा काय सांगतो?

बाईकवर चालकामागे एकच माणूस. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट, म्हणजे मागच्यालाही. ते नसेल तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. चार वर्षांखालील मूल मागे असेल तर त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला.

नवरात्र आणि चैत्रोत्सवाच्या गर्दीत नांदुरीपासून वर खासगी वाहनं बंद ठेवून एसटी सोडली जाते. त्या दिवसांत बाईक खाली लावूनच वर जा.

एरवी नांदुरीला चहासाठी थांबालच. तिथे मागे बसणाऱ्याशी दोन गोष्टी ठरवून घ्या : कुठे बघायचं, आणि भीती वाटली तर खांद्यावर थाप द्यायची. थाप पडली की वेग कमी करायचा, ‘काही होत नाही’ म्हणायचं नाही. हँडल एकाच्या हातात असलं, तरी पडताना दोघंही पडतात.