जुने लुगडे, नवी फॅशन

आमच्या महाविद्यालयात हल्ली ‘विंटेज’ हा शब्द फार ऐकू येतो. मूळ शब्द द्राक्षाच्या हंगामाचा, दारूच्या जुनेपणाचा. कपड्यांच्या बाबतीत साधारण वीस वर्षांहून जुन्या वस्त्राला तो लावतात. आजीच्या लुगड्याचा कुर्ता, चोरबाजारातले जुने जाकीट, गळ्यात काळपट ऑक्सिडाइज्ड हार, हातभर रंगीत बांगड्या असा एकूण थाट. दिसतो छान, हे आधीच कबूल करते. मलाही रंग आवडतात. प्रश्न वेगळा आहे. जुने कपडे अंगावर घालणे ही कोणाची हौस आहे आणि कोणाची शिक्षा होती?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पोशाख सांगितला आहे. प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत. म्हणजे जुने वस्त्र आणि काळा धातू यांचा गणवेश ठरवून दिला होता. आज माझ्या वर्गातल्या मुली काळा दिसणारा दागिना मुद्दाम विकत घेतात. चांदीवर किंवा मिश्रधातूवर गंधकाच्या संयुगाची प्रक्रिया करून तो काळा केलेला असतो. त्या मुलींचा यात काही दोष नाही. पण धातूचा काळेपणा कोणाच्या अंगावर कलंक ठरतो आणि कोणाच्या अंगावर कला ठरतो, हे धातू ठरवीत नाही.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे जाडजूड दागिने टाकून द्या, कारण ती तुमची अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असे त्यांचे सांगणे होते. लुगड्याचा काठ निऱ्यांत दिसू नये असा दंडक आमच्या बायकांवर होता, हे बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये नोंदवले आहे. काठ दिसण्याचा हक्क! ज्यांना काठ कधी लपवावा लागला नाही त्यांना हा हक्क काय हे कळायला वेळ लागतो. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे कमी केले. त्यांच्यापाशी टाकण्याजोगे होते. बाबासाहेबांनी सूट घातला.

जुने कपडे फिरतात कसे, हेही पाहण्यासारखे आहे. शहरात बोहारीण दारावर येते, स्टीलची भांडी देते आणि जुने कपडे नेते. मुंबईत हा धंदा बऱ्याच अंशी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिला. मग ते कपडे धुवायचे, उसवलेले शिवायचे, इस्त्री करायची, बाजारात मांडायचे. जे अंगावर घालण्याच्या लायकीचे उरत नाही त्याचे पोतेरे होते. परदेशातले लोकरी कपडे पानिपतच्या गिरण्यांत येतात. तिथे ते रंगवार निवडतात, म्हणजे पुन्हा रंग द्यावा लागत नाही; मग फाडून, पिंजून त्याचे सूत काततात आणि घोंगड्या विणतात. ‘विंटेज’च्या दुकानात हा घाम दिसत नाही. तिथे फक्त किंमत दिसते.

माझ्या वर्गात दोन मुली शेजारी बसतात. दोघींचीही जाकिटे कोणीतरी आधी वापरलेली. एकीने ती मुद्दाम शोधून आणली आणि वर्गाला दाखवली. दुसरी वसतिगृहात राहते. तिने आठवडी बाजारातल्या ढिगातून घेतली. ती मला हळूच म्हणाली, “मॅडम, माझं पण जुनंच आहे, पण मला कोणी विचारत नाही.” मी तिला काय सांगणार होते? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी राणी रंगाची साडी आणि पोपटी ब्लाउज घालून गेले होते, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या होत्या, “जरा भडक नाही का वाटत?” पुढे काही वर्षांतच खणाचे कापड शहरात चालू लागले आणि तेच रंग ‘एथनिक’ झाले. गुळेदगुड्डचा खण आणि इरकली लुगडे आमच्या मराठवाड्यात शेतमजूर बाईच्याही अंगावर होते. तिथे असताना ते भडकच होते.

मुली विचारतात, “मॅडम, तुमच्या आईची जुनी साडी नाही का?” नाही. जुने जपायला आधी पेटी लागते. आमच्याकडे वाड्यावरून मिळालेले लुगडे आईने विरेपर्यंत नेसले, मग त्याची झोळी झाली, मग वाकळीचा थर. आईच्या तरुणपणाचे सगळे रंग त्या वाकळीत एकावर एक शिवलेले आहेत.

गेल्या दिवाळीत त्या वाकळीचा एक बरा कोपरा कापून मी खांद्यावरची पिशवी शिवून घेतली. लाल, हिरवे, जांभळे तुकडे. धावदोरा आईच्या हाताचा. कॉलेजात सगळ्यांनी कौतुक केले. घरी आईने ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, “पगार मिळतो नं तुला? मग माझ्या चिंध्या घेऊन कशाला हिंडतीस?”

मी पिशवी अजून वापरते. आई गावाहून आली की कपाटात ठेवते.