मुक्त सॉफ्टवेअर मंडळे: ओसरलेला उत्साह आणि नवे काम

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारी विद्यार्थी मंडळे उभी राहिली. लिनक्सची सीडी मिळविणे आणि ती इतरांच्या संगणकावर बसवून देणे, हा त्यांचा मुख्य कार्यक्रम असे. इंटरनेट संथ आणि महाग होते. उबुंटूच्या सीडी टपालाने विनामूल्य पाठविण्याची योजना २०११ मध्ये बंद झाली, तोपर्यंत त्या सीडींचे वाटप हेच मंडळाचे आकर्षण होते. पुढे वेगवान जोडणी आली आणि हे आकर्षण संपले. आज अनेक मंडळे फलकावरील नावापुरती उरली आहेत. विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानात रस नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. मंडळाचे जुने काम संपले आणि नवे काम कोणी ठरविले नाही, हे त्याचे खरे कारण होय.

येथे मूळ संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने वापरणे, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारित प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांसाठी एकच शब्द असल्याने तेथे सतत खुलासा करावा लागतो. मराठीत ही अडचण नाही, तरीही परीक्षार्थी हमखास गोंधळतात. दुसऱ्या स्वातंत्र्यासाठी मूळ आज्ञावली उपलब्ध असावी लागते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे, कारण जगभर वापरली जाणारी प्रणाली आतून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची संधी त्यामुळे मिळते.

मंडळात जीव येतो तो अशा प्रत्यक्ष कामाने. कालिकत येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील एका विद्यार्थ्याने २००२ मध्ये लिनक्स मल्याळममध्ये आणण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ हा समूह वाढला आणि त्याने मल्याळमसाठी टंक व भाषासाधने तयार केली. मुंबईच्या आयआयटीतील केंद्रपुरस्कृत ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहितात. त्यांना मानधन व प्रमाणपत्र मिळते.

मात्र केवळ बक्षिसाचे आमिष घातक ठरते. ‘हॅकटोबरफेस्ट’ या वार्षिक उपक्रमात चार योगदाने देणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा इतका पूर आला की, ज्या प्रकल्पांनी संमती दिली आहे तेथीलच योगदान मोजण्याचा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला.

याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रथम वर्षी नवखा असतो, दुसऱ्या वर्षी शिकतो, तिसऱ्या वर्षी मंडळ चालवितो आणि चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतींत गुंततो. एका तुकडीने शिकविले नाही तर साखळी तुटते आणि पुढच्या तुकडीला सारे शून्यातून सुरू करावे लागते. म्हणून पदे तिसऱ्या वर्षाकडे असली तरी शिकविण्याचे काम दुसऱ्या वर्षाकडे द्यावे. नुकतेच शिकलेल्यास नवख्याची अडचण चटकन कळते. प्राध्यापक सल्लागार वर्षानुवर्षे तोच राहिल्यासही सातत्य टिकते.

याचा संबंध सार्वजनिक धोरणाशीही आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार ई-प्रशासन प्रणालींत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावयाचे असून पुरवठादाराने ते वगळल्यास कारण देणे अपेक्षित आहे. अशा प्रणाली सांभाळणारे मनुष्यबळ कोठून येणार, हा प्रश्न धोरणाच्या यशाशी निगडित आहे.

सुरुवातीस मोठा प्रकल्प लागत नाही. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. ‘तऱ्हा’सारख्या शब्दांतील अर्धा र अनेकदा चुकीचा उमटतो. एखाद्या मुक्त टंकात ही अक्षरे कशी दिसतात हे तपासून दोषाची नेमकी नोंद प्रकल्पाकडे पाठविणे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमते. नोंद स्वीकारली जाऊन दुरुस्ती झाली की तो पुढच्या बैठकीला येतो, आणि बहुधा सोबत एक मित्र आणतो.