प्राँग्ज दीपगृह
मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाशी, कुलाब्यापुढे समुद्रात शिरलेल्या खडकांवर उभे असलेले ऐतिहासिक दीपगृह. सु. ४१ मी. उंचीचा हा वर्तुळाकार मनोरा टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने १८७५ मध्ये उभारला. त्यास सु. ६,२०,००० रु. खर्च आला.

कुलाब्याच्या जमिनीवर अठराव्या शतकापासून दीपगृह होते. तथापि धोक्याचे खडक त्याच्या पुढे दूरवर पसरलेले असून भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जातात. जून १८४० मध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ व ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजे मुंबईच्या प्रवेशमुखाशी फुटून मोठी प्राणहानी झाली. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांसाठी खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह झाले. कुलाब्याकडील धोका दाखविण्यास मात्र प्रत्यक्ष खडकांवरच दिवा हवा होता.

जलरंग व शाई या माध्यमांत हा विषय खुलतो आणि चित्रकाराची परीक्षाही पाहतो. मनोऱ्यावर काळे, पांढरे व लाल आडवे पट्टे आहेत. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावीत नाहीत, त्या जागी कागद कोरा राखतात. त्यामुळे पांढरा पट्टा आणि लाटांचा फेस यांच्या जागा प्रथमच निश्चित कराव्या लागतात. मनोऱ्याच्या कडा शाईने रेखतात. ही शाई जलरोधक नसेल, तर ओला कुंचला फिरताच रेषा पसरते. समुद्र व आकाश यांना सहसा रेषेने बांधीत नाहीत, आणि ते योग्यच होय. शाईची रेषा व तीवर रंगाचा पातळ थर ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांच्या आराखड्यांतही रूढ होती. तेथे रंग शोभेसाठी नसून दगड, लोखंड, लाकूड यांतील भेद दर्शविण्यासाठी असे.

या प्रकारातील विख्यात चित्र म्हणजे टर्नरचे ‘बेल रॉक दीपगृह’ (१८१९) हे जलरंगचित्र. स्कॉटलंडमधील या दीपगृहाचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन याच्या ग्रंथासाठी (१८२४) ते काढलेले होते. टर्नर त्या खडकावर कधी गेला नव्हता. इतरांच्या रेखाटनांवरून त्याने वादळात सापडलेला मनोरा रंगविला. प्राँग्जच्या चित्रकारास ती सबब नाही. मोठ्या ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालत मनोऱ्यापर्यंत जाता येते. मात्र भरती लागण्यापूर्वी परतावे लागते.